बाहेरून लावायची कडी

इंदापूरच्या मैदानात त्या दिवशी दोन-तीनशे माणसं माझ्या कुत्रीला हसली. त्यांतल्या एकालाही मी अजून माफ केलेलं नाही. काही आता मरून गेली, तरीही नाही.

सन छप्पन्नचा डिसेंबर होता. इंदापूरला जनावरांचं आणि शेतमालाचं प्रदर्शन भरलं होतं. खिलारी खोंड, लांबलचक ऊस, ताटाएवढा कोबी, हे दरवर्षीचंच. त्या साली नवीन होती ती माग काढणाऱ्या कुत्र्यांची शर्यत. मोहनराव म्हणून एक रिटायर सुभेदार होते. पलटणीत असताना वासावरून माणूस शोधणारी कुत्री त्यांनी ब्रह्मदेशात पाहिली होती म्हणे. त्यांनीच ही टूम काढली आणि पंच म्हणून तेच बसले.

शर्यत साधी होती. एका माणसानं आपली चप्पल मागं ठेवायची, बाजरीच्या धसकटातून वाकडंतिकडं चालत जायचं आणि लांब बांधाआड बसायचं. कुत्र्यानं चप्पल हुंगून त्याला हुडकायचं. पाच कुत्री होती. चौघांच्या दोऱ्या पुरुषांच्या हातात आणि पाचवी माझ्या. डोक्यावर पदर घेऊन मी पाखरीला धरून उभी राहिले तेव्हाच निम्मं मैदान खुसखुसायला लागलं होतं. बाईमाणूस आणि कुत्रं! शेरडं, म्हशी, कोंबड्या जन्मभर बायकांनी सांभाळायच्या, तेव्हा कुणाला हसू येत नाही. मांडवापुढं उभं राहिलं की येतं.

पाखरीनं चप्पल हुंगली आणि नाक खाली घालून निघाली. निम्मं रान तिनं बरोबर काढलं. तेवढ्यात वारा फिरला. तिनं मान वर केली, वळली आणि जी सुटली ती थेट पंचांच्या मांडवात. टेबलाखालून घुसून तिनं मोहनरावांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर पुढचे दोन्ही पाय ठेवले आणि वर बघून तीनदा भुंकली. माणूस सापडला की असंच करायचं, हे मीच तिला शिकवलं होतं.

"सुभेदार, चोर तुमीच निघाला की!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान हसत सुटलं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

मोहनरावांचं तोंड लाल झालं. "न्या हिला," ते म्हणाले. "ह्ये वासाचं कुत्रं न्हाय. लाडाचं कुत्रं हाय." आणि त्यांनी वहीत पाखरीच्या नावावर आडवी रेघ मारली.

"मांडव वाऱ्याच्या अंगाला कुणी घातला?" मी म्हटलं. "शंभर माणसं हितं विड्या फुकत बसलीत, त्यांचा वास रानात जातोय. ह्याला शर्यत म्हणायचं?"

"बाई, घरी जा," ते म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा संताप एका शर्यतीपायी? बक्षिसाला पितळी लोटा होता, तसले माझ्या घरी चार आहेत. माझा जीव लोट्यात नव्हता. माझ्या घरातल्या एका दाराला बाहेरून कडी बसवलेली होती आणि ती लागणार की नाही हे त्या शर्यतीवर ठरायचं होतं.

आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यावर, पाटाच्या पाण्याखालचं. माझे सासरे हिंदुराव. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही. सत्तरी ओलांडलेले, ताठ, तोंडाचे फटकळ. आमच्या रानातला प्रत्येक बांध त्यांनी स्वतः घातलेला. पण दोन वर्षांपासून त्यांना त्याच रानातल्या वाटा चुकायला लागल्या होत्या. जेवून उठायचे आणि जेवायला कधी वाढतेस म्हणून विचारायचे. त्याचं एवढं काही नव्हतं, मी परत वाढायची. पण त्या भाद्रपदात ते उसात शिरले आणि बाहेर यायची वाट विसरले. आमचा आणि शेजाऱ्यांचा मिळून सतरा एकर सलग ऊस, माणसाच्या दीडपट उंच. आत गेलेल्याला हाक ऐकू येते, पण कुठून येते ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडले. पाल्यानं तोंड-हात चिरलेले, ओठ फुटलेले. आणि मला म्हणाले, "सूनबाई, आज न्याहारी लई उशिरा आणलीस."

त्यानंतर आठ दिवसांत मागच्या खोलीला कडी बसली. बाहेरून. आपण गोठ्याला लावतो, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो, तशी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण सुतार ती कडी ठोकत होता तेव्हा मी रागानं मनातल्या मनात दहा वेळा घेतलं. मानसिंग. इथंही एकदा घेते, पुढं मालकच म्हणेन. मालक काही वाईट माणूस नव्हते. त्या दोन दिवसांत उसात हाका मारून मारून त्यांचा घसा बसला होता, पुढं आठवडाभर आवाज फुटत नव्हता. पण घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही, आणि हे वडिलांना कोंडायला निघाले होते.

"मग काय करू?" ते म्हणाले. "समदी कामं टाकून त्यांच्या मागनं हिंडू? पुढल्या बारीला जित्तं सापडतील कशावरनं?"

"पाखरी हुडकंल त्यांना," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, एवढं त्यांचं बरं. म्हणाले, "मला दाव. घरात न्हाय, चार लोकांत. इंदापूरला ती शर्यत हाय म्हनत्यात. तितं जमलं तर कडी लावणार न्हाय."

पाखरी तीन वर्षांची होती. सुप्याकडचा झुंबर म्हणून एक मेंढका दरवर्षी आमच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला यायचा, त्यानं ती पिल्लू असताना दिलेली. दसऱ्यापासून मी तिला शिकवायला घेतलं होतं. आबांचा कमरेचा रुमाल तिच्या नाकाला लावायचा, आबांना गंजीमागं नाही तर गोठ्याआड बसवायचं आणि "हुडक" म्हणायचं. आबांना सांगायचं, कुत्रीचा खेळ आहे. महिनाभरात ती कुठूनही त्यांना काढायला लागली. एकदासुद्धा चुकली नाही. आणि इंदापूरला तिनं माझं नाक कापलं.

परतीला मालक बैलगाडी हाकत होते. घर दिसायला लागल्यावर म्हणाले, "आता कडी लागंल."

"पंधरा दिवस द्या."

"कशाला? परत हसू करून घ्यायला?"

"हसले ते गाढव होते," मी म्हटलं. "पंधरा दिवस. नायतर मलाबी त्याच खोलीत आबांबरोबर कोंडा आणि भाकरी तुमीच थापा."

त्यांनी बैलांना चाबूक दाखवला. नाही म्हणाले नाहीत.

दोन दिवसांनी झुंबर मेंढरं घेऊन आला. मी त्याची न्याहारी घेऊन रानात गेले आणि टोपलं खाली ठेवायच्या आधी बोलायला सुरुवात केली. मोहनराव, मांडव, वारा, विड्या, बाईमाणूस, सगळं. तो भाकरी मोडत ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "त्या सुभेदाराच्या हातात काय हुतं, वैनी?"

"काय असणार? डबी हुती."

"कसली?"

तपकिरीची डबी होती. आबांच्या कमरेला असते तशीच.

झुंबर उठला. "आबांचा रुमाल हाय का जवळ?" मी तो पदराच्या गाठीत घेऊनच फिरायची. त्यानं तो घेतला आणि कळपातल्या एका मेंढ्याच्या शिंगाला बांधला. आबा त्या वेळी पलीकडच्या बांधावर ऊन खात बसले होते, पाखरीला स्वच्छ दिसत होते. "आता सोडा हिला," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हुडक." पाखरी आबांच्या पुढून पळत गेली, मेंढरांत शिरली, त्या मेंढ्यापुढं बसली आणि तीनदा भुंकली.

"कुत्रीनं काय बी चूक केली न्हाय," झुंबर म्हणाला. "रुमालाला तपकिरीचा वास. तुमी तपकीर शिकीवली, तिनं तपकीर हुडकली. आबा तिला अजून ठावंच न्हाईत."

मला भयंकर राग आला. आधी झुंबरचा, कारण तो बरोबर बोलत होता. मग त्या रुमालाचा. मग माझा, आणि तो सगळ्यांत जास्त. दोन महिने मी या घरातल्या म्हाताऱ्याला हुडकायला शिकवत होते आणि शिकवत होते दोन पैशांची तपकीर. आबांची डबी कुठं पडली असती आणि ते पाटाकडं गेले असते, तर कुत्री डबीपाशी बसून भुंकली असती आणि आम्ही डबी घेऊन घरी आलो असतो.

"आता काय करायचं ते सांगा, झुंबरतात्या," मी म्हटलं.

तो बांधावर बसला आणि काडीनं मातीत रेघा ओढून त्यानं मला सगळं समजावलं. मी घरी येऊन ते कोळशानं ओसरीच्या भिंतीवर लिहिलं, म्हणजे मालकांना येता-जाता दिसेल. पहिले तीन दिवस नुसतं अंगण. आबांनी अंघोळ करायची, धुतलेलं धोतर नेसायचं, आणि आदल्या दिवशी अंगात घातलेली बंडी पाखरीला हुंगवायची. मग बाजरीचं धसकट, सकाळी दव असताना, कारण दवात वास धरून राहतो. मग आबा गेल्यावर घटकाभर थांबून सोडायचं. मग त्यांच्या मागावरून दुसऱ्या माणसाला आडवं चालवायचं. मग पाण्याची चारी ओलांडून. सगळ्यात शेवटी ऊस. मध्ये एखाद्या तपकीर ओढणाऱ्याला वाटेत उभं करायचं, आणि ती त्याच्याकडं गेली तर काही द्यायचं नाही, नुसतं परत आणायचं. गूळ-भाकरी मिळेल ती फक्त आबांच्या हातून.

यातलं सगळं सोपं होतं, एक सोडून. पंधरा दिवस आबांनी तपकीर ओढायची नाही आणि डबी जवळ ठेवायची नाही.

खेळ म्हणून सांगून चालणार नव्हतं. खेळापायी कोण तपकीर सोडेल? आणि दोन महिने ती खोटी गोष्ट सांगून माझ्याही तोंडाची चव गेली होती. दुसऱ्या दिवशी आबा चहा पीत असताना मी त्यांच्यासमोर बसले.

"आबा, तुमी हरवता," मी म्हटलं.

"कोण म्हनतं?"

"मी म्हणते. भादव्यात उसात हरवला हुता. पाखरीला तुमालाच हुडकायला शिकवतीया मी. खेळ बिळ न्हाय तो."

कपबशी भिंतीवर जाऊन फुटली. "ह्या रानातला येकूण येक बांध मी घातलाय!" ते उभे राहिले. "तू या घरात यायच्या आधी ह्या रानात ऊस हाय. आन मी हरवतो? माझ्याच रानात? कुत्रं लावता माझ्यामागं, मी काय घोरपड हाय?"

त्या दिवशी ते माझ्या हातचं जेवले नाहीत. खरं सांगते, तो राग मला आवडला. त्यांच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

संध्याकाळी मी शेण काढून आले तर आबा मागच्या खोलीच्या दाराशी उभे होते. कडीवर हात ठेवून. ती सरकवून बघत होते, मागं-पुढं.

"ही कवा बसीवली?"

"भादव्यात."

"बाहेरनं?"

मी शेणाची पाटी खाली ठेवली.

"मान्यानं?" ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता कमरेची डबी सोडून माझ्या हातावर ठेवली. जुनी पितळी डबी, त्यांच्या वडिलांची. "किती दिस?"

"पंधरा."

"त्या इंदापूरच्या सुभेदारानं आपल्या पाखरीला हाकललं म्हनं?"

"व्हय."

"नाव काय त्याचं?"

"मोहनराव."

"ध्यानात ठिवतो," आबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "डबीचं मातर न्हाय राहायचं ध्यानात. उद्या तुलाच चोर म्हनंल मी. कोळसा आन."

मी कोळसा आणला. ओसरीच्या भिंतीवर, माझ्या लिखाणाच्या शेजारी, त्यांनी बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं. त्यांचा हात मोडीचा, पण मला मोडी वाचता येत नाही म्हणून बाळबोधीत लिहिलं, एकेक अक्षर थांबून. "डबी मी राजीखुशीने दिली आहे. सून चोर नाही. हिंदुराव."

आणि झालं तसंच. दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर त्यांचा हात कमरेला गेला आणि त्यांनी घर दणाणून सोडलं. "माझ्या बापाची डबी! कुणी उचलली? ह्या घरात सून आली का चोरटी आली?" शेजारच्या प्रयागबाई परड्यातून कान देऊन ऐकत होत्या. मी आबांना दंड धरून भिंतीपाशी नेलं. त्यांनी वाचलं. ओठ हलवत, दोनदा. मग गुमान खाली बसले आणि म्हणाले, "पाखरीला आन. बसतो कुठं बसायचं तितं."

हे रोज झालं. काही दिवशी दोनदा. त्यांनी शिव्या द्यायच्या, मी भिंत दाखवायची, त्यांनी आपलीच सही बघून गप्प व्हायचं. बारा वर्षं ज्यांचं सगळं केलं त्यांच्या तोंडून रोज चोरटी ऐकायचं. माझा संताप मी भांड्यांवर काढला, त्या पंधरा दिवसांत दोन तांबे चेपले. पण शिकवणी एक दिवस चुकवली नाही.

पाखरीला सुरुवातीला काहीच उमगेना. बंडी हुंगायची आणि माझ्या तोंडाकडं बघत बसायची, जणू विचारत होती की खरा वास कुठं आहे. चौथ्या दिवशी ती अंगणातून आबांपर्यंत गेली. सहाव्या दिवशी धसकटाच्या मधोमध बसून राहिली, काही केल्या हलेना. नवव्या दिवशी झुंबरनं गावातल्या एका तपकीर ओढणाऱ्याला वाटेत उभं केलं, तर ती शेपटी हलवत सरळ त्याच्याकडं. मालक लांबून बघत होते. काही न बोलता निघून गेले, ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. दहाव्या दिवशी पुन्हा तोच माणूस, पुन्हा तीच चूक. अकराव्या दिवशी ती त्याच्यापाशी थांबली, त्याला हुंगलं आणि पुढं आबांकडं गेली. आबांनी तिला गूळ-भाकरी दिली आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाले, "शाणी माझी." त्या दिवशी मी गोठ्यामागं जाऊन रडले. रागानं नाही.

पंधराव्या दिवशी रविवार होता. झुंबर आदल्या दिवशीच मेंढरं घेऊन पुढच्या गावाला गेला होता. ठरलं असं की आबांनी दोन रानं पलीकडच्या जांभळीखाली जाऊन बसायचं आणि तासाभरानं मालकांच्या देखत मी पाखरीला दोरीवर घेऊन निघायचं. मी आबांच्या उपरण्यात भाकरी बांधून दिली. त्यांनी त्या दिवशी पटका बांधला होता, प्रवासाला निघाल्यासारखा. मला वाटलं, परीक्षा आहे म्हणून असेल.

तास झाला. बंडी हुंगून पाखरी निघाली आणि जांभळीपाशी पोचली. आबा तिथं नव्हते. मालकांनी माझ्याकडं बघितलं. पाखरीनं बुंध्याला एक फेरी घातली, नाक खाली घातलं आणि चारी ओलांडून गाडीवाटेला लागली. उसाकडं पाठ करून.

"चुकली," मालक म्हणाले. "सुभेदार खरं बोलला हुता. आबा उसातच शिरलं असतील. हिला माघारी घे. मी मान्सं गोळा करतो."

मला ती घडी अजून आठवते. पाखरी दोरी ओढत होती आणि पाठीमागं सतरा एकर ऊस सळसळत होता. ती चुकली असली तर आम्ही उलट्या दिशेनं चाललो होतो आणि आबा आत, पाल्यात, हाका मारत असतील. मी खात्रीनं सांगू शकत नव्हते. इंदापूरलाही मला खात्रीच होती.

"तुमी मान्सं गोळा करा," मी म्हटलं. "मी कुत्रीच्या मागं जाते."

दहा पावलं गेले असेन, मागून त्यांची पावलं वाजली. ते माझ्याबरोबर आले. का आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

गाडीवाट संपून सडक लागली. पाखरी इंदापूरच्या दिशेनं वळली. सडकेकडेच्या पिंपळाच्या पारावर एक म्हातारा बसला होता. आम्ही जवळ आलो आणि नेमकी त्यानं कमरेची डबी काढून झाकण उघडलं. पाखरी थांबली. मान वर केली. तिची नाकपुडी हलत होती. मालकही थांबले, त्यांनाही कळलं होतं. म्हाताऱ्यानं चिमूट नाकात ओढली आणि शिंकला. पाखरीनं मान खाली घातली आणि पुढं निघाली.

आणखी मैलभरावर, मैलाच्या दगडावर आबा बसले होते. पटका तसाच, काठी गुडघ्यांत, भाकरीचं उपरणं मांडीवर, न सोडलेलं. पाखरी त्यांच्यापुढं बसली आणि तीनदा भुंकली. त्यांनी उपरणं सोडून तिला भाकरी मोडून दिली.

"आबा, हिकडं कुठं निघाला?" मालकांनी विचारलं.

"इंदापूरला," आबा म्हणाले, ताडकन. "त्या मोहनरावाला जाब इचारायला. आपल्या पाखरीला हाकलतो म्हंजी काय? कोण समजतो सोताला?" मग त्यांनी पुढं बघितलं. सडक त्यांच्यापुढं सरळ गेली होती, बाभळींच्या मधून, इंदापूरपर्यंत. "पर हितनं वाट कुणीतरी फिरीवली," ते म्हणाले. "मगाधरनं बसलोय. कुणाला इचारावं तर लोक हसतील."

मालक त्यांच्या पायाशी धुळीत बसले. आबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग भाकरी खाणाऱ्या कुत्रीकडं.

"तुमी का आला?" ते म्हणाले. "मी काय हरवलो हुतो?"

आबांचं तोंड हळूहळू उतरत गेलं. मला त्या वेळी कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडण्यासारखं कुणीच तिथं नव्हतं.

एका ओळखीच्या माणसाच्या गाडीतून आम्ही घरी आलो. मी डबी आणून त्यांच्या हातात दिली. पंधरा दिवस वाट बघितलेली डबी, पण त्यांनी ती उघडली नाही, मांडीशी ठेवली. "कोळसा आन," म्हणाले.

जुन्या ओळीखाली त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्या शब्दावर इतका जोर दिला की कोळसा मोडला. मी दुसरा दिला. "मी हरवतो. पाखरी मला हुडकते. मला कडी लावू नये. हिंदुराव." मग त्यांनी डबी उघडली, चिमूट घेतली आणि डोळे मिटून बसले.

मालकांनी ते वाचलं. आत गेले आणि हातोडी घेऊन मागच्या खोलीकडं गेले. कडीचे खिळे जुन्या सागवानात घट्ट बसले होते, निघता निघत नव्हते. घरभर ठोकल्याचा आवाज येत होता.

"काय ठोकतोय मान्या?" आबांनी मला विचारलं. ते उठले आणि आवाजाच्या दिशेनं निघाले, तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवर गेली. ओठ हलवत त्यांनी वाचलं. "मी हरवतो." त्यांच्या कपाळाची शीर फुगली. "ह्ये कुणी लिवलं?" ते ओरडले. "माझ्या घरात माझ्याबद्दल असलं लिवायची छाती कुणाची झाली?"

मी त्यांचा दंड धरणार होते, पण त्यांनीच पुढची ओळ वाचली, आणि त्याच्या पुढची, आणि खालची सही. सहीवरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं, ते त्यांनी बघितलं आणि धोतराला पुसलं. आत हातोडी थांबली होती.

मग त्यांनी काठी घेतली, पाखरीला हाक मारली आणि दोघं रानाकडं निघून गेले. कुणी अडवलं नाही.